वरळीचे बोंबील आणि पांढऱ्या पाहुण्यांची पंगत

लालबागहून वरळी कोळीवाडा फार तर चार मैल. पण चाळीस वर्षं मुंबईत काढून मी तिथे कधी गेलो नव्हतो. मिल, चाळ आणि मे महिन्यात राजापूरकडचं घर, एवढाच माझा भूगोल. चौथीत शाळा सुटल्यामुळे पुस्तकातला भूगोलही अर्धाच राहिला. म्हणून हिराबाईने आमच्या दारात उभं राहून "दादूस, तुना यवाचाच लागंल," असं फर्मान काढलं तेव्हा मला आधी घाम फुटला, आणि मग मी विचारलं, "तिकडचं पाणी बाधतं का गं?"

हिराबाई कोण ते आधी सांगतो. तीस वर्षं ती आमच्या चाळीत मासळीची टोपली घेऊन येते. मला मुदतीचा ताप आला होता त्या वर्षी ती रोज वरळीच्या गोलफादेवीचा अंगारा घेऊन तिसऱ्या माळ्यावर चढायची. मी बरा झालो, दिवाळी आली, तशी तबक घेऊन आली आणि म्हणाली, "बस पाटावर." तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळते. मला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे भांडायला हक्काचं माणूस मिळालं.

अलीकडे तिचे गुडघे गेले. ओल्या मासळीची टोपली म्हणजे जड काम, वर पाणी निथळत अंगावर येतं. ती घेऊन दारोदार फिरवेना, म्हणून यंदा तिने बोंबील सुकवून विकायचं ठरवलं. सुका माल हलका. पण थंडीत वरळीच्या किनाऱ्यावर पांढरी पाखरं उतरतात. कबुतरापेक्षा मोठी, लाल चोच, लाल पाय, आणि आवाज असा की कुणीतरी गंजलेली कडी सारखी ओढतंय. चाळीतले मास्तर म्हणतात की पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात. कोळीवाड्यात नुसतं 'पांढरे' म्हणतात, आणि त्यापुढे जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. या पांढऱ्यांनी हिराबाईच्या दोन खेपा दोरीवरच फस्त केल्या. तेव्हा तिचा मुलगा नारायण, जो होडीवर जातो, तिला म्हणाला, "आय, आता तिसरी खेप. ही पन पाखरांनी खाल्ली तं वालवनाची जागा दुसऱ्याला देवाची न तू घरान बसाची."

"घरान बसून काय करू, दादूस?" हिराबाई मला म्हणाली. "भिंतीशी बोलू?"

आता यासाठी मलाच का बोलावलं? तर आमच्या चाळीत कुणी गेलं की दहाव्या दिवशी मला नेतात. पिंडाला कावळा शिवत नसला की मी पुढे होतो, दोन शब्द बोलतो, आणि कावळा येतो. यात विद्या काही नाही. घरचे लोक पिंडाला गराडा घालून उभे असतात, मी त्यांना वीस पावलं मागे नेतो, एवढंच. पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला दुसरी कुठली पदवी मिळणार होती? हिराबाईचा हिशेब सरळ होता. "तुज्या शब्दाला कावला येतंय, मंग तुज्या शब्दाला पांढरा जाल नाय का?"

नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. तिच्यापुढे कधीच होत नाही.

मी सोमवारी सकाळी निघालो. बरोबर वळकटी, तांब्या, मफलर, ओव्याची पुरचुंडी, डोकं दुखायचा बाम, हिराबाईला चोळीचा खण आणि छत्री. पौषात छत्री बघून सून तोंडाला पदर लावून हसली. मुलगा म्हणाला, "बाबा, वरळीला चाललात की काशीला?" मी म्हटलं, काशीला गेलेली माणसं परत आलेली मी पाहिली आहेत, वरळीचं मला माहीत नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. लालबागहून ट्रामने परळवरून दादरला उतरावं. ट्राम हळू जाते, पण त्यामुळे आपण बरोबर बसलो आहोत की नाही हे तीन माणसांना विचारून घ्यायला वेळ मिळतो. मी पाच जणांना विचारलं. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, आणि नवे पैसे व जुने आणे वेगवेगळ्या खिशात ठेवावेत. मी एकत्र ठेवले होते, आणि कंडक्टरने माझ्या तळहातावरचा ढीग बघून म्हटलं, "आजोबा, अर्धं इंग्रजांचं राज्य अजून तुमच्या खिशात आहे."

ट्राममध्ये दोघा जणांचं जोरात जुंपलं होतं. सध्या कुठेही दोन माणसं भेटली की तोच विषय. भिंतींवर चुन्याने वीतभर अक्षरं, नाक्यानाक्यावर सभा. एक म्हणत होता, "मुंबई घेतल्याशिवाय राहणार नाही." दुसरा म्हणाला, "घ्यायची कसली? आपलीच आहे." पहिला म्हणाला, "आपली आहे तर मग देत का नाहीत?" तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "मुंबईचं मागाहून बघू. तिकीट कुणाचं राहिलंय?" दोघांचंही राहिलं होतं.

मी मात्र खिडकीबाहेर बघत होतो, कुठे मोर्चा दिसतो का म्हणून. मोर्चाला माझा विरोध नाही. मुंबई महाराष्ट्रात यायलाच हवी. पण ती माझ्या वळकटीवरून जाऊ नये असं वाटतं.

दादरचा पूल ओलांडून पलीकडे बस पकडावी. प्रभादेवीला मी बसमधूनच हात जोडले, तेवढ्यात बस वळली आणि नमस्कार एका इराण्याच्या हॉटेलाला पोचला. वरळीला उतरल्यावर पुढे चालावं लागतं, पण पत्ता विचारायची गरज पडत नाही. वास येतो त्या दिशेने जावं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मी वळकटीसकट चार ओटे चढलो. चौथ्यावर एक म्हातारी जाळं शिवत होती, ती म्हणाली, "आलंस तं बस." मी बसलो. म्हणून पोचायला उशीर झाला.

सोमवार निवडला ही मात्र चूक. सोमवारी मला उपास, आणि हिराबाईच्या चुलीवर ताज्या बोंबलाचं कालवण रटरटत होतं. मी केळी खाल्ली. नारायण समोर बसून भाकरी मोडत मला म्हणाला, "मामा, तुमी देवाला सांगा ना, एक सोमवार बोंबलाचा म्हनून." पोरगा गोड बोलतो. दांडगा गडी, पण आईपुढे आवाज चढवत नाही. तो तिच्या गुडघ्यांकडे बघत होता हे मला दिसलं, पण तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.

दुपारी तिसरी खेप दोरीवर चढली. बांबूंचा उंच मांडव असतो, त्याला आडव्या दोऱ्या. दोन बोंबील घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. हिराबाईचे हात बघत राहावं असं काम. मी करायला गेलो तर बोंबलाचे बारीक दात माझ्या बोटात रुतले. मेलेल्या मासळीने चावलेला या बेटावरचा मी पहिलाच माणूस असेन. हिराबाई हसून खाली बसली, आणि मग तिला उठता येईना. हात देऊन उठवली. चार उन्हं लागतात, म्हणाली. चार दिवस राखायचं.

तोवर पांढरे आले होते. आधी एक. तो मांडवाच्या टोकावर बसला आणि वसुलीला आल्यासारखा सगळ्या दोऱ्यांवरून नजर फिरवू लागला. मग बाकीचे. मी काठी घेऊन धावलो, ते उडाले आणि माझ्या पाठीमागे उतरले. मी डबा बडवला. पहिल्या वेळी सगळे उडाले, दुसऱ्या वेळी निम्मे, तिसऱ्या वेळी एकाने नुसती मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. एकजण बोंबलाची शेपटी धरून मागे मागे खेचायचा, जोडी सुटली की खाली दुसरा उभाच. आमच्या खात्यात एवढी जुळणी असती तर मिलमध्ये एक धागा तुटला नसता. शिवाय वरून जे पडत होतं त्यापायी छत्री उघडावी लागली. माझ्या छत्रीला हसणाऱ्यांना मी इथे नम्रपणे नमस्कार करतो.

"काय रं दादूस," हिराबाई ओरडली, "कावल्यांना बोलवतंस न यांना भितंस?"

"भीत नाही, अंदाज घेतोय."

"ते तुजा अंदाज घेतात."

त्या संध्याकाळी अर्धी दोरी गेली. ओटीवर आडवं पडून मी विचार करत राहिलो, मधूनमधून भरतीचं पाणी वळकटीपर्यंत येतं का तेही बघत होतो. आणि मला वाटलं, उपाय सापडला. आपल्याकडे घरात कशाची बाधा असली की काय करतात? घास ठेवतात. ज्याचं जे राहिलंय ते त्याला द्यायचं, हात जोडायचे, आणि तो जातो. ही पाखरं कुठल्या थंड मुलखातून येतात कोण जाणे. एवढ्या लांबून येणारा जीव नुसत्या बोंबलासाठी येईल का? कुणाचं तरी काहीतरी राहिलं असणार. त्यांना हुसकलं म्हणून ते चिडले होते. त्यांना मानाने जेवू घालायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून खडकावर केळीचं पान मांडलं. भात, दही, वर बोंबलाचा तुकडा. पाण्याची धार फिरवली आणि मोठ्याने म्हटलं, "बाबांनो, पोटभर जेवा आणि सुखाने आपापल्या गावी जा. आमच्याकडून काही राहिलं असेल तर क्षमा करा." मग सवयीने वीस पावलं मागे सरलो.

सात पांढरे आले. पान साफ केलं. आणि उडून सरळ समुद्राकडे गेले! दुपारपर्यंत एकही दोरीवर बसला नाही. हिराबाईने कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. शेजारणी बघायला आल्या. एकीने विचारलं, "भाऊ, आमच्या दारच्या बोक्यासाठी काय मंतर हाय का?" मी म्हटलं, बघू. इतका मान मला मिल सुटल्यापासून मिळाला नव्हता. त्या दिवशी मी बोंबलाच्या कालवणाबरोबर तांदळाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या. वरळीला जाणाऱ्याने हे जेवण चुकवू नये, फक्त वार बघून जावं.

बुधवारी उजाडता मी किनाऱ्यावर गेलो. खडक पांढरा झाला होता. त्याच्या शेजारचा खडक पांढरा. त्याच्यामागचाही. शे-दीडशे असतील. गडबड नाही, गोंगाट नाही, सगळे ओळीने माझ्याकडे तोंड करून बसलेले, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे. सातजणांनी घरी जाऊन सगळ्या भाऊबंदांना आवतण दिलं होतं. मला बघून पुढचे दोघे उठून जवळ आले.

मी हात जोडले आणि म्हटलं, "आज काही नाही हो." त्यांनी ते मनावर घेतलं नाही. थोडा वेळ थांबले आणि स्वतःच वाढून घ्यायला दोरीवर गेले. हिराबाईच्याच नाही, सगळ्यांच्या. किनाऱ्यावर एकच कल्ला झाला. "कोनी रं हा भट आनला?" मी भट नाही हे सांगायची ती वेळ नव्हती. काल बोक्याचा मंत्र मागणारी बाई कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "बोक्याला काय करू नको हां बाबा. असू दे एकच."

हिराबाईची एक अख्खी दोरी गेली होती. ती काठी टेकून मांडवाखाली उभी राहिली आणि राहिलेल्या दोऱ्या बघत म्हणाली, "नाऱ्या संध्याकाली येल." एवढंच. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेजारणीने सांगितलं, मेलेला कावळा टांगा, पाखरू फिरकत नाही. मी म्हटलं, "मेलेला कावळा टांगणार? आणि मी पुढच्या दशक्रियेला कुठल्या तोंडाने उभा राहू?" हिराबाई म्हणाली, "मंग काला काय तरी फडफडनारा दे." आणि मला आठवलं, मी ओटीवर झोपत होतो तिथे माळ्यावर काळ्या कापडाचं गाठोडं होतं. मी ते खाली ओढलं. आत काळे झेंडे होते, चांगले चाळीस. काठ्यांसकट. नारायण कोळीवाड्यातल्या तरुणांच्या मंडळात आहे, आणि निदर्शनासाठी त्यांनी ते शिवून ठेवले होते.

मला विचारायला हवं होतं हे कबूल करतो. पण नारायण समुद्रावर होता, आणि पांढरे दोरीवर.

तासाभरात मी चाळीसच्या चाळीस झेंडे मांडवाला बांधले. वाऱ्याने ते असे फडकले की माझी मलाच भीती वाटली. पांढरे एकदम उठले, दोन घिरट्या घातल्या, आणि लांब पाण्यावर जाऊन बसले. एक परतला, काळं कापड तोंडावर फडकलं, तोही गेला. हिराबाई म्हणाली, "हे आदी का नाय केलंस रं?" मी खण्णकन डबा बडवला, आनंदाने.

आता त्या जागेचं वर्णन करताना मी एक गोष्ट सांगायची विसरलो. हे वाळवण समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्यावरून सरळ दिसतं. आणि त्या दुपारी त्या रस्त्यावरून कुणा बड्या पाहुण्यांची मोटार जाणार होती. मला कसं कळणार? मला बडे पाहुणे कळवत नाहीत.

पोलिसांची गाडी आली. एक जमादार आणि काठ्या घेतलेले सहा शिपाई वाळूतून धावत आले.

"कुणी लावले हे?" जमादार म्हणाला.

"मी," मी म्हटलं. खोटं सुचायला डोकं जागेवर लागतं.

"नाव?"

मी नाव सांगितलं. आणि गाव, तालुका, खातं आणि मिलमधला तिकीट नंबरही सांगितला. तो लिहायचा थांबला. "निदर्शनं कशासाठी?"

"बोंबलांसाठी."

शिपायांतला एक हसला. जमादाराने त्याच्याकडे बघितलं, तसा तो खोकला. "आजोबा, चेष्टा करता? चाळीस काळे झेंडे आणि बोंबील? उतरवा सगळे. अर्ध्या तासात मोटार येतेय."

आता हिराबाई पुढे आली. काठी टेकत, पण आली. "झेंडे उतरनार नाय."

"बाई, सरकारी काम आहे."

"न हे माजा काम हाय. झेंडे काडले तं पाखरा येतील. तू राखशील?"

"मी पोलीस आहे, बाई!"

"मंग राखाचा कामच तुजा."

जमादाराने शिपायांना इशारा केला. त्यांनी अलीकडच्या दोरीवरचे दहा झेंडे उपटले. मी शपथेवर सांगतो, दहावा झेंडा खाली यायच्या आत पांढरे त्या दोरीवर होते. एक तर जमादाराच्या डोक्यावरून इतक्या खालून गेला की त्याने टोपी धरली. मग त्याने टोपी हातात घेऊन बघितली, आणि खिशातला रुमाल काढला.

"आईशप्पत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा साधा माणूस वाटला. "हे रोज असंच?"

"दोन खेपा गेल्या," हिराबाई म्हणाली. "ही तिसरी. ही गेली तं माजा पोरगा मना घरान बसवनार हाय. तुजी आय हाय का?"

"गावी आहे."

"काय करते?"

"शेतात जाते. नको म्हटलं तरी जाते." त्याने रस्त्याकडे बघितलं, झेंड्यांकडे बघितलं. "बाई, हे बघा. झेंडे दिसले तर माझी नोकरी जाईल. मोटार जाईपर्यंत झेंडे खाली. तोवर माझी माणसं दोरीपाशी उभी राहतील. मोटार गेली की मग तुम्ही काय फडकवता ते मी बघितलं नाही."

"सा मानसांनी भागाचा नाय. तूबी उभा रा."

आणि तो राहिला. वाचकहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सहा शिपाई आणि एक जमादार काठ्या फिरवत बोंबील राखत होते, "हाऽऽ, हाऽऽ" करत, आणि हिराबाई मध्ये उभी राहून हुकूम सोडत होती, "ए मिशीवाल्या, तुज्या मागं बग!" मी एका शिपायाच्या शेजारी छत्री घेऊन उभा होतो. नायगावच्या पोलीस लायनीत राहणारा, वाईकडचा. तो हळूच म्हणाला, "काका, आमच्या घरीबी मुंबई आपल्यातच यावी म्हणत्यात. पर अंगावर डगला हाय." मी म्हटलं, माहीत आहे. मग तो म्हणाला, "बोंबील कधी मिळतील?"

मोटार आली. दुरून गेली, काळी, लांबलचक. काचेला चेहरे लागलेले दिसले. समुद्रकाठी पोलीस पाखरांवर लाठीमार करताहेत, असंच त्यांना दिसलं असणार. त्यांनी त्याचा काय अर्थ लावला देव जाणे. मोटार गेल्यावर जमादाराने माझी वहीतली नोंद फाडली, टोपी घातली आणि गेला. आम्ही झेंडे पुन्हा चढवले.

माझी खरी भीती संध्याकाळची होती. नारायण आला तो होडीवरूनच झेंडे बघत आला. "मामा! हे निदर्शनाचे झेंडे! बोंबलाला बांधले?" मी छत्रीमागे गेलो. हिराबाई म्हणाली, "मुंबई आपली व्हवाला पायजे ना? मंग मुंबईतला बोंबील कोनाचा?" आजूबाजूच्या बायकांनी मग सगळी हकिगत एकदमच सांगितली, जमादारासकट. नारायण आईकडे बघत राहिला. रात्री जेवला थोडंच.

गुरुवारी सकाळी मी उठलो तर तो मांडवावर चढला होता. दोन गडी बरोबर. जुनं मोठं जाळं सगळ्या मांडवावर पसरून चारी बाजूंनी बांधत होते. त्यातून वारा जातो, ऊन जातं, पाखरू जात नाही. पांढरे वर बसले, चोची घालून बघितल्या, आणि थोड्या वेळाने उठून गेले. इतकं सोपं होतं.

मी नारायणला बाजूला घेतलं. "हे जाळं आधीपासून होतं?"

"होता."

"मग दोन खेपा जाऊ दिल्यास?"

तो दोरीची गाठ आवळत राहिला. "मामा, तिचे गुडगे बगितले तुमी? रातचा ती कन्हते. मना वाटला, मी बस म्हनलो तं आयकनार नाय. पाखरांनी बसवली तं बसंल." मग म्हणाला, "काल समजला. पोलिसाला बसवता नाय आली ती, पाखरांना काय बसवता येल."

मुलगा पाखरांच्या बाजूने होता, आणि ते आईसाठीच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. झेंडे त्याने घडी घालून परत माळ्यावर नेले. त्यांना बोंबलाचा वास लागला होता. तो म्हणाला, असू दे, ज्यांना दाखवाचे हायेत त्यांना तो पन आवडनार नाय.

बोंबील वाळले. शुक्रवारी मी त्याच रस्त्याने परत आलो. बस, पूल, ट्राम. या वेळी फक्त दोघांना विचारलं.

कावळ्यांशी, पांढऱ्यांशी बोलतो म्हणून चाळीत आता लोक मला पाखरांचे वकील म्हणतात. कुणी वरळीला जायचं विचारलं तर मी सगळं सांगतो: थंडीत जावं, सोमवार टाळावा, नवी टोपी घालू नये, पाखरांना काही खायला घालू नये. एक मात्र मला अजून उलगडत नाही. हिराबाई जिंकली हे चांगलं झालं की वाईट? नारायण चुकला, पण गुडघ्यांचं त्याचं खोटं नव्हतं.

आता ती दर मंगळवारी सुके बोंबील घेऊन येते. टोपली हलकी आहे, पण जिने तेवढेच आहेत. पहिल्या माळ्यावर एकदा थांबते, दुसऱ्यावर दोनदा. मी टोपली घ्यायला खाली गेलो तर म्हणाली, "हात लाव न बग." म्हणून दुसऱ्या माळ्याच्या जिन्यात मी एक स्टूल नेऊन ठेवलंय. कुणासाठी असं कुणी विचारलं तर माझ्यासाठी म्हणतो, आणि तिला खरं वाटावं म्हणून मंगळवारी सकाळपासून त्यावर बसून राहतो. ती येते, धापा टाकत माझ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "ऊठ रं दादूस, म्हातारा झालास काय?" मी उठतो. ती बसते.